रत्नव्वाची एकतीस हजार पावलं

कोल्हापूर,
शनिवार, १६ फेब्रुवारी २००८

आदरणीय आक्कास,

धाकटीचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा गुडघा आणि दाजींची साखर ठीक असेल असं लिहिणार होते. पण गेल्या महिन्यात मी गुडघ्याची तीनदा चौकशी केली, तिन्ही वेळा तू "बरा आहे" म्हणालीस, आणि फोनवर कुणी "बरं आहे" म्हटलं की त्याचा अर्थ काय धरायचा हे मला परवाच्या गुरुवारपासून कळेनासं झालं आहे. तेव्हा गुडघा कसा आहे ते कागदावर लिहून कळव, आणि स्वतःच्या अक्षरात. (दाजींच्या अक्षरात आलं तर मी ते दाजींच्या गुडघ्याबद्दल आहे असं समजेन. असं का, ते पुढे कळेल.) हे सगळं फोनवर दहा मिनिटांत सांगून झालं असतं, पण फोनवर काही सांगण्या-ऐकण्यावरचा माझा विश्वासच उडाला आहे. रोजनिशीत गुरुवारची चार पानं लिहिली आणि चारही खोडली, कारण प्रत्येक पान वाचताना मी कुठून तरी फिरून स्वतःलाच बरी ठरवते आहे असं दिसलं. तुला लिहिताना तेवढं धाडस होत नाही. तू लगेच ओळखतेस.

डिसेंबरात मी 'सोबतीण' झाले, हे तुला कळवलं होतंच. तरी परत सांगते, कारण घोटाळा कळायला मुळापासून सांगितलेलं बरं. मुंबईची एक संस्था आहे. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून बायका घरी गेल्या की बऱ्याच जणी अंथरूण धरतात. चालणं बंद, हात हलवणं बंद, मग खांदा आखडतो, हात सुजतो, मन खचतं. त्यांना परत हिंडतं-फिरतं करायचं, पण गावोगाव माणूस कुठून पाठवणार? म्हणून ज्या बायका या दुखण्यातून आधी गेल्या आहेत त्यांनी दर आठवड्याला एक फोन करायचा, किती चाललात विचारायचं, पुढच्या आठवड्याचं थोडं ठरवून द्यायचं, धीर द्यायचा. माझ्या ऑपरेशनला सहा वर्षं होतील, शिवाय मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते म्हणजे नोंदी नीट ठेवेन, असा त्यांचा समज झाला. दोन दिवसांचं शिक्षण मिळालं. एक पुस्तिका, फॉर्मांचा गठ्ठा, आणि पलीकडच्या बाईंना पाठवायला पावलं मोजायची एक डबी. काडेपेटीपेक्षा जरा मोठी. कमरेला अडकवली की दर पावलाला आकडा एकानं पुढे सरकतो. (शिकवणाऱ्या सरांनी ती पँटच्या पट्ट्याला अडकवून दाखवली. साडीत कुठे अडकवायची असं एकीनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे." आणि जेवणाची सुट्टी झाली.)

माझ्या वाट्याला एकच बाई आली, रत्नव्वा. कागलच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून गाव. वय अठ्ठेचाळीस. घरी किराणा दुकान आणि थोडा ऊस. उजव्या बाजूचं ऑपरेशन जूनमध्ये झालेलं, पुढची औषधं नोव्हेंबरात संपलेली. इस्पितळाच्या कागदावर तळाशी डॉक्टरांनी हातानं लिहिलं होतं: 'घरी गेल्यापासून उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मार्चपर्यंत हालचाल सुरू झाली नाही तर खांदा असाच राहील.' म्हणजे माझं काम एवढंच होतं, आक्का. रत्नव्वाला मार्चच्या आत उंबऱ्याबाहेर काढायचं, आणि तेही कोल्हापुरात खुर्चीवर बसून. हे वाक्य मी रोजनिशीत लाल शाईनं लिहिलं. (खुर्चीचं तेव्हा लिहिलं नव्हतं.)

पहिला फोन दहा डिसेंबरला केला, सोमवारी सकाळी अकरा वाजता. सोमवार मुंबईनंच ठरवून दिला होता, का ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पलीकडे इतका बारीक आवाज की बाई विहिरीत बसून बोलते आहे असं वाटावं. मी पुस्तिकेप्रमाणे तिला सगळं समजावलं. डबी कशी लावायची, पहिले आठ दिवस नुसतं घरातून कोपऱ्यापर्यंत कसं जायचं, भिंतीवर बोटं चढवत हात वर कसा न्यायचा. ती तीनदा "बरं" म्हणाली आणि शेवटी एकदा "बरं बाई". मी फॉर्ममध्ये लिहिलं, 'प्रतिसाद मर्यादित'. दिवसभर मला वाईट वाटत राहिलं, की आपण एका घाबरलेल्या बाईला सूचनांखाली गाडून टाकलं.

पुढच्या सोमवारी मात्र फोन उचलला गेला तोच असा खणखणीत आवाजात, की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "बोला की म्याडम! तुमच्याच फोनची वाट बघत बसलीया!" किती चाललात विचारलं, तर चार हजार. रोज? "रोज म्हंजे! न्हाई न्हाई म्हनत एक दिस पाच बी झाली." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आपल्या एका फोननं विहिरीतली बाई वर आली. मी लिहिलं, 'आत्मविश्वासात लक्षणीय वाढ'. मग 'लक्षणीय' खोडलं, कारण आठच दिवसांत एवढी वाढ आपण आपल्या श्रेयासाठी तर लिहीत नाही ना, असं मनात आलं. मग परत लिहिलं, कारण वाढ खरोखरच लक्षणीय होती. जानेवारी उजाडेपर्यंत आकडा नऊ हजारांवर गेला, मग सोळा, मग बावीस. भिंतीवरचा हात कुठवर जातो विचारलं तर, "वरच्या फळीपत्तोर जातोय की, रोज चटणीचा डबा मीच काढती." मी लिहिलं, 'खांदा पूर्ण मोकळा'.

आता रोजनिशी उलटून पाहते तेव्हा प्रत्येक पानावर कुणी तरी मला हाका मारत होतं असं दिसतं. सात जानेवारी: संपलेल्या औषधांचा अजून काही त्रास होतो का विचारलं, तर म्हणाली औषध कसलं घेतलंच नाही, बीपीची एक गोळी तेवढी. मी नोंद केली की बाईला स्वतःच्या औषधांची नीट माहिती दिली गेलेली नाही. चौदा जानेवारी: जेवण जातं का विचारलं, तर "चारच दात ऱ्हायल्यात, भाकरी कुस्करून खाती." अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चार दात! मी हादरले. औषधांनी दात जातात हे कुणीच कसं सांगितलं नाही, म्हणून मी मुंबईला दोन पानी पत्र पाठवलं. ते तिथून तीन डॉक्टरांकडे फिरलं आणि तिघांनीही 'विशेष लक्ष ठेवावे' असा शेरा मारला. (माझे स्वतःचे दातही मी त्या रात्री आरशात मोजले. सत्तावीस आहेत.) एवढं होऊनही 'कोण बोलतंय' असं मी एकदाही विचारलं नाही. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं आहे की नाव विचारू नये, त्यात सरकारी चौकशीचा वास येतो. 'नमस्कार ताई, मी तुमची सोबतीण' असं म्हणावं. मी तसं म्हणायची, पलीकडून "व्हय, बोला" यायचं, आणि मी बोलायची.

चार फेब्रुवारीला आकडा एकतीस हजारांवर गेला. मुंबईला साक्षी नावाची मुलगी आहे, सगळ्या सोबतिणींचे फॉर्म तीच तपासते. तिचा फोन आला. आधी म्हणाली डबी बिघडली असेल. मग म्हणाली, बिघडली नसेल तर ताई, हा आकडा आपल्या अख्ख्या कार्यक्रमात पहिला आहे, मार्चमध्ये मुंबईला मेळावा आहे, रत्नव्वांना पाच मिनिटं बोलायला आणाल का? पत्रिकेत त्यांच्या नावाखाली सोबतीण म्हणून माझंही नाव छापणार होते. (हे तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण मला ते आवडलं होतं, म्हणून लिहिते.) तयारी करून घ्यायला प्रत्यक्ष जाऊन यावं म्हणून मी गुरुवारी रजा टाकली आणि एसटीनं त्या गावाला गेले.

गावात शिरताना चौकात बसवण्णाचं देऊळ आहे. पंचावन्न-साठीचे एक गृहस्थ, धोतर, पांढरी टोपी, कपाळाला भस्म, देवळाभोवती इतक्या झपाझप फेऱ्या घालत होते की त्यांना थांबवायलाही मला अर्धी फेरी बरोबर पळावं लागलं. मी घर विचारलं. ते न थांबताच म्हणाले, "पावणं, जरा दम धरा, चार फेऱ्या ऱ्हायल्यात." तेवढ्यात त्यांच्या कमरेला लटकणारी डबी मला दिसली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी. तिच्यावर मीच चिकटवलेली पट्टी होती, माझ्या अक्षरात, 'रत्नव्वा'. मी म्हटलं, मी कोल्हापूरची सोबतीण. तेव्हा मात्र ते जागच्या जागी थांबले आणि त्यांनी हात जोडले. हे रत्नव्वाचे यजमान, रुद्राप्पा.

"आणि ही डबी तुमच्याकडे कशी?"

"आता माझी पाळी हाय की! सकाळच्याला आईची असती, दुपारी दुकान झाकलं की माझी, आन सांजच्याला पोरगं आलं की त्येची."

"आणि रत्नव्वाची पाळी?"

ते माझ्याकडे असं बघत राहिले, जसं मी एखाद्या नवऱ्या मुलाला 'तुमच्या लग्नात अक्षता तुम्ही का नाही टाकल्या' असं विचारलं असावं. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ती आजारी हाय न्हवं?"

आक्का, मी तिथेच देवळाच्या कट्ट्यावर बसले.

घरी गेल्यावर उरलेला उलगडा झाला. दारातच चारदाती म्हातारी उभी होती आणि तो खणखणीत आवाज. "म्याडम! वळीकलं न्हाई व्हय? मीच की!" या रत्नव्वाच्या सासूबाई, चन्नव्वा, वय चौऱ्याहत्तर. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. त्यांच्या घरात रीत अशी की कुणी दुखण्यानं पडलं की त्यानं पडून राहायचं आणि त्याच्या नावानं घरानं बसवण्णाला फेऱ्या घालायच्या. रुद्राप्पांना लहानपणी विषमज्वर झाला होता तेव्हा घरानं सव्वा महिना घातल्या होत्या, आणि बघा, उठला की नाही? आता इस्पितळातून सून घरी येते, पाठोपाठ मोजायची डबी येते, कमरेला बांधायची. रोज इतकी पावलं, कमी नाही, दर आठवड्याला वाढवत न्यायची. आणि मोजदाद विचारायला फोन येतो तो कधी, तर सोमवारी. देवाच्या वाराला! "आमी म्हटलं, आता दवाखान्यातली मानसं बी शानी झाली. आदी नुसत्या गोळ्याच देयाची." त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी "किती चाललात" विचारायची, त्या स्वतः किती चालल्या आणि घर किती चाललं ते प्रामाणिकपणे सांगायच्या. एकदा आकडा वाढेना तेव्हा नातवानं, महांतेशनं, डबी म्हशीच्या गळ्यात बांधून तिला मळ्यापर्यंत नेऊ या म्हणून सुचवलं होतं. पण म्हातारीनं ते होऊ दिलं नाही. "म्हशीचं पुण्य म्हशीला. खोटेपना न्हाई चालायचा!"

रागवावं तर कशावर? आजारी सुनेसाठी चौऱ्याहत्तर वर्षांची सासू रोज नऊ हजार पावलं चालते, हे मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं आहे? शिवाय चन्नव्वांचा गुडघा मोकळा झाला होता, रुद्राप्पांना धोतर सैल होत होतं, महांतेशचं पोट उतरलं होतं. कुठल्याही फॉर्मवर मांडून बघ, आमचा कार्यक्रम पूर्ण यशस्वी झाला होता. एक पेशंट तेवढी सोडून.

ती आतल्या खोलीत बाजेवर बसली होती. विहिरीतला तो बारीक आवाज. तिनं उठायला सुरुवात केली तर, एव्हाना घरी आलेल्या महांतेशसकट, तिघांनी एकदम "बस बस" केलं, आणि ती बसली. उजव्या हातात बांगड्या नव्हत्या. सुजेमुळे चढत नाहीत म्हणाली. हात वर करून दाखवायला सांगितलं तर छातीपर्यंत आला आणि तिथे अडला. मी सगळ्यांना बाहेर पाठवलं (हे पुस्तिकेत नाही) आणि तिला विचारलं, तुम्ही का चालत नाही? तिनं साडीचा काठ बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "समदी माज्यासाटी झिजत्यात बाई. आता मला चालायचंय असं मी कुठल्या तोंडानं म्हनू? तेंच्या फेऱ्या वाया न्हाई का जायाच्या?" आणि भिंतीकडे बघत, "आन भाईर पडलं की बाया आदी हितं बघत्यात," म्हणून तिनं उजव्या खांद्यावरून पदर ओढून घेतला.

आता यावर पुस्तिकेत पान अकरावर तीन मुद्दे आहेत. मला एकही आठवला नाही. मी तिला माझ्या मोहरीची गोष्ट सांगितली. तुला ती ठाऊक नाही. त्या वेळी मी कुणालाच सांगितली नव्हती. ऑपरेशननंतर कामावर जायला लागले तेव्हा मी मऊ कापडाची पिशवी शिवली, तीत वजनाला मोहरी भरली आणि ब्लाउजमध्ये डाव्या बाजूला बसवली. महिनाभर छान चाललं. मग एक दिवस ग्रंथालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला हात वर केला आणि शिवण उसवली. मोहरी कमरेवरून, निऱ्यांतून, टप टप खाली, आणि मग फरशीवरून घरंगळत थेट वाचन कक्षात. आमचा गुंडू शिपाई झाडू घेऊन धावला, मूठभर गोळा करून माझ्यासमोर धरली आणि सगळ्या पोरांपुढे म्हणाला, "बाई, फोडणीचं सामान सांडलं तुमचं!" मी म्हटलं, होय, बाजार करून आले होते. आणि उरलेला दिवस डावा हात छातीशी धरून पुस्तकं दिली.

रत्नव्वानं पदर तोंडाला लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, आक्का, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं विचारलं, "मोहरीच का? राळं का न्हाई? राळं हलकं असतंय." आणि मग आम्ही दोघी वीस मिनिटं कुठलं धान्य कसं बसतं यावर बोललो. दहा फोनांमध्ये मी तिच्याशी इतकं बोलले नव्हते. (बोलले होते फक्त एका फोनवर, म्हणा. उरलेले नऊ तिच्या सासूबाईंशी.)

हसणं ऐकून चन्नव्वा चहा घेऊन आत आल्या. बसल्या, आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो फोनवर विचारता येत नाही. "म्याडम, तुमी कुनापैकी?" मी म्हटलं, कोल्हापूरच्या. मग माझी मलाच लाज वाटली, की नव्या माणसापुढे इतक्या वर्षांनीही आपली जीभ आधी गावाचं नाव का शोधते, आणि मी नीट सांगितलं, आम्ही बौद्ध. म्हातारीनं कपाळाला आठी घातली. कप सगळ्यांसारखाच स्टीलचा होता. (मी पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं.) ती विचार करत होती ते मात्र भलतंच काही तरी निघालं. "मग तुमी आजारी हुता तवा तुमच्या फेऱ्या कुनी घातल्या?"

मी म्हटलं, आमच्यात फेऱ्या नसतात. आमच्यात ज्याचं त्यानंच चालायचं.

"अगं बया!" म्हातारी म्हणाली, अगदी मनापासून कळवळून. "आन आजारी मानसानं बी?"

आजारी माणसानं आधी, असं मी म्हटलं. हे मी काही मोठं सांगायचं म्हणून म्हटलं नाही, तेव्हा सुचलं ते बोलले. पण बाजेवरून आवाज आला, तो विहिरीतला नव्हता. "अत्ती," रत्नव्वा सासूला म्हणाली, "माजी पावलं मला द्या की."

मी आल्यापासून चन्नव्वांनी डबी तीनदा रुद्राप्पांकडून घेऊन आकडा पाहिला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यांची त्यावर माया बसली होती. त्या म्हणाल्या अजून अशक्त आहेस, त्या म्हणाल्या उन्हं उतरू दे, त्या म्हणाल्या शिवरात्र होऊ दे. मग एकदम, "आन मग मी काय करू? नुसती बसू?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या घरात चालण्याची गरज एकीलाच नव्हती. पण रत्नव्वानं डावा हात पुढे केला तो मागे घेतला नाही, आणि शेवटी रुद्राप्पांनीच डबी कमरेची सोडवून बायकोच्या हातात ठेवली. तिनं ती निऱ्यांच्या वर, नाडीला अडकवली. (सरांना कळवायला हवं.)

मग ती उंबऱ्याबाहेर पडली. पुढे रुद्राप्पा कोंबड्या हाकत, मागे चन्नव्वा सुनेच्या पाठीला न लावता हात धरून, त्यामागे महांतेश खुर्ची घेऊन, आणि सगळ्यांत मागे मी, पर्स आणि फॉर्म सांभाळत. गल्लीतल्या बायका दारात आल्या. अर्ध्या वाटेत रत्नव्वा थांबली आणि वळून म्हणाली, "वरात काढलीया व्हय माजी? मागं सरा जरा." सगळे दहा पावलं मागे सरले. ती एकटी कोपऱ्यापर्यंत गेली. देवळात घंटेला उजवा हात लावून बघितला. हनुवटीपर्यंत गेला, पुढे नाही. मग तिनं डाव्या हातानं वाजवली. जाताना दोनशे बारा पावलं. येताना दोनशे एकोणीस, कारण दमल्यानं पावलं बारीक पडली.

तर आता माझा पेच असा. नऊ फॉर्म खोटे आहेत, पण त्यांतला एकही आकडा खोटा नाही. खरा फॉर्म पाठवला तर साक्षीच्या तक्त्यात दिसणार, की एकतीस हजार चालणारी बाई सोबतीण घरी जाऊन आल्यावर चारशे एकतीसवर आली. 'आमच्यात ज्याचं त्यानंच चालायचं' हे मी ज्या ताठ्यात म्हटलं त्याचाही मला आता त्रास होतो आहे; माझ्या आजारात दोन महिने तू इथे राहिलीस, भाकऱ्या थापल्यास, आणि मी मात्र तिथे असं सांगून आले जसं माझ्यासाठी कुणी काही केलंच नाही. त्या घराची माया मी मोडली की रत्नव्वाचा खांदा वाचवला? दोन्ही एकदम होतं का? तुला काय वाटतं ते कळव. पण तुला वाटतं तेच कळव, मला बरं वाटेल ते नको.

दाजींना जयभीम सांग.

तुझी,
मीना

ता. क. खरं म्हणजे हे पत्र एका कामासाठी आहे. घाईत असलीस तर वरची पानं नाही वाचलीस तरी चालेल. चन्नव्वांनी डबी सुनेला फक्त शिवरात्रीपर्यंत दिली आहे. शिवरात्र सहा मार्चला. त्यानंतर त्या ती परत घेणार, आणि त्या घरात त्यांच्या हातून काही काढून घेण्याची हिंमत रत्नव्वात अजून दुसऱ्यांदा येईल असं मला वाटत नाही. डबी गेली की ती परत बाजेवर. तेव्हा शिवरात्रीच्या आत चन्नव्वांची स्वतःची डबी आली पाहिजे. संस्थेकडे मागावी तर फॉर्ममध्ये सासूसाठी रकाना नाही. इथे तीन दुकानं फिरले. घड्याळवाल्यानं गजराचं घड्याळ दाखवलं, खेळाच्या दुकानात लेझीम. तुझ्या पुण्यात नक्की मिळेल. आकडे मोठे असलेली बघ, त्यांना कमी दिसतं.

ता. क. (रविवार) साक्षीला सगळं सांगून टाकलं. आधी पलीकडून फॉर्म चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ताई, तिघांत वाटली तरी माणशी दहा हजार होतात." आणि मग, जरा भीत भीत, "पाच मिनिटं बोलायला सासूबाईंना आणता येईल का?" मला वाटलं होतं ती मला काढून टाकेल. काढलं असतं तर एका परीनं सुटले असते.

ता. क. (सोमवार. अक्षर बदललेलं दिसेल. पोस्टातल्या दोरी बांधलेल्या पेननं लिहिते आहे, आणि दोरी आखूड आहे.) आज अकराला फोन केला. मी आधी नाव विचारलं. रत्नव्वाच होती. सहाशे चाळीस. दुकानापर्यंत जाऊन आली, राळं घेऊन. मागून चन्नव्वा ओरडत होत्या की त्यांची नऊ हजार बिनडबीची आहेत पण खरी आहेत, ती पण लिहा. मी लिहिली. मग मी फोन ठेवणार, तर रत्नव्वा म्हणाली, "आन बाई, तुमची किती झाली?" आक्का, सहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरातून ग्रंथालय स्कूटीवर, ग्रंथालयातून घर स्कूटीवर, आणि दिवसभर खुर्ची. मी म्हटलं लाइन खराब आहे, ऐकू येत नाही, आणि फोन ठेवला. तेव्हा दोन डब्या पाठव. हे पत्र टाकायला चालत आले आहे. सहाशे अकरापर्यंत मोजलं, तेवढ्यात शेजारच्या शालूबाई भेटल्या आणि आकडा चुकला. त्यांनी विचारलं, "काय हो बाई, गाडी बंद पडली काय?" मी होय म्हटलं.